लाट कोरणाऱ्याचं नाव

बाळाराम, तुझ्या बाराव्याला मी पेणला आलो, पोटभर जेवलो, आणि जमलेल्या माणसांसमोर तुझ्या सुनेला खोटं पाडून रोह्याला परत गेलो. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने तुझ्यावर लेख मागितला, तेव्हा त्यांना वाटलं असणार की हा निवृत्त कॅशियर आपल्या मित्राबद्दल चार गोड शब्द लिहील. गणपतीच्या मूर्तींना डोळे देणारा कलावंत, साधा माणूस, मोठी पोकळी, वगैरे. तसं लिहायला बसलोही होतो. पहिल्याच ओळीला लाज वाटली. साधा तर तू कधीच नव्हतास. तुझ्याबद्दल गोड लिहायचं तर आधी माझ्याबद्दल कडू लिहावं लागेल, आणि थोडं तुझ्याबद्दलही. ऐकून घे. जिवंतपणी तू माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, आता तरी देशील.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी तेव्हा बँकेच्या पेण शाखेत होतो. तू माझ्या खिडकीशी आलास आणि एक नोट आत सरकवलीस, तिच्यावर गुलाबी रंगाचा बोटभर डाग. मी म्हटलं, ही घेता येणार नाही.

"का नाय घेता येनार? देवाच्या पायाचा रंग हाय तो."

"देवाचा असो नाहीतर दैत्याचा. नोट खराब झालीय."

"साहेब, तुमी नोटा नुसत्या हाताळता. कदी डोळं लावून बगता का?"

मागची रांग हसली आणि मी भडकलो. अख्ख्या शाखेत माझं नाव होतं. खोटी नोट कुणाच्याही नजरेतून सुटेल, पण माझ्या बोटांतून सुटणार नाही, असं मॅनेजरसुद्धा म्हणायचे. आणि हा रंगाने माखलेला माणूस मला बघायला शिकवणार! त्या रागातच संध्याकाळी पत्ता काढून तुझ्या कारखान्यात आलो, म्हटलं बघू तरी, हा एवढं काय बघतो.

आत मूर्तींच्या रांगा होत्या. रंग झालेले, दागिने झालेले, शेल्याच्या काठाला सोनेरी लागलेलं, पण डोळे कोणालाच नव्हते. डोळे शेवटी आखायचे, आणि ते काम एका माणसाचं, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या बोलण्यात त्याला नुसतं आखणी म्हणतात. तू मला बस म्हणाला नाहीस. श्वास धरलास, अगदी बारीक ब्रश टेकवलास आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात पलीकडे नेलीस. मग श्वास सोडलास. देव माझ्याकडे बघत होता. मी हट्टाने म्हटलं, दुसऱ्यालाही तशीच काढून दाखवा. तू काढलीस. मी दोन्ही मूर्ती निरखल्या आणि खरं सांगतो, फरक सापडला नाही. तुझी नोट मी दुसऱ्या दिवशी बदलून दिली.

त्यानंतर माझी बदली झाली, मी रोह्याला घर बांधलं, निवृत्त झालो, पण रविवारचं पेण काही सुटलं नाही. रामवाडीला एसटीतून उतरायचं, तुझ्या कारखान्यात जाऊन बसायचं आणि भांडायचं. थंडीत मी रोह्याहून वालाच्या शेंगा आणायचो आणि तुझ्या अंगणात मडकं लावून पोपटी व्हायची. मीठ किती घालायचं यावरूनही आपण भांडलोय. तू मिठागरावर वाढलेला, तुझा हात सैल. वहिनी म्हणायच्या, "दोगं येका जागी आले की कावळेसुद्दा उडून जातात." मला तुझ्याइतकं कोणी पिडलं नाही, आणि तुझ्याइतकं कोणाकडे मी गेलोही नाही.

मग ती जपानची नोट आली.

तू आखलेला गणपती घेऊन पेणचं एक जोडपं जपानला गेलं होतं, नोकरीसाठी. दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा दक्षिणा म्हणून हजार येनची नवीकोरी नोट तुझ्या हातात ठेवून गेले. तू ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, खिशाला पिन लावून, थेट रोह्याला माझ्या घरी आलास. दारातूनच ओरडलास, "कॅशियर, ही खरी का खोटी सांग!"

मी आयुष्यात येन हातात घेतलेला नव्हता. पण तुझ्यापुढे तसं म्हणणं शक्यच नव्हतं. चष्मा पुसला, नोट उजेडाला धरली, बोट फिरवलं, मान डोलावली. म्हटलं, खरी आहे. उठावाची छपाई बोटाला लागते, कागदात वॉटरमार्क आहे. तेवढं सगळ्याच नोटांना असतं. मग तू ती माझ्या हातून काढून घेतलीस आणि जरा कलती केलीस. खालच्या कोपऱ्यात एक चकचकीत चौकोन होता, त्याच्यातला माणूस मान वळवून आपल्याकडे बघायला लागला. तू पुन्हा नोट हलवलीस, तो दुसरीकडे बघू लागला. तू लहान पोरासारखा हसलास.

"बग, ह्याचे डोळे मी नाय आखलेले. तरी फिरतात."

मागच्या बाजूला ती लाट. जगभर ठाऊक असलेलं ते जपानी चित्र, मलाही कॅलेंडरवर पाहून माहीत होतं. वर उठलेली लाट, फेसाला नखं फुटल्यासारखी, खाली होड्या, लांब डोंगर. तू मात्र ते पहिल्यांदा पाहत होतास आणि तेही नोटेवर, एवढंसं. तू भिंग मागितलंस. ते फेसापासून होड्यांपर्यंत हळूहळू फिरवलंस. मग म्हणालास, "होडीतली मानसं बग. आडवी पडून ऱ्हायलीत. उदान आलं की खाडीत आमचे लोक आसंच करायचे. लाटेकडं बगायचं नाय, होडी धरायची."

त्या दिवसापासून जो वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं साधं होतं. नोटेवरची चित्रकला ही कला नव्हे, तो बंदोबस्त आहे. रेघा इतक्या बारीक का, तर यंत्राने नक्कल करताना त्या एकमेकींत मिसळाव्यात म्हणून. आपल्या नोटेतला तो हिरवा धागा कलता केला की निळा का होतो, तर झेरॉक्सला ते जमत नाही म्हणून. नक्कल होऊ नये म्हणून सगळं केलेलं, आणि ते आपल्याला सुंदर दिसतं हा कावळा बसायला नि फांदी मोडायला.

तू म्हणायचास, "बंदोबस्तच करायचा व्हता तर तारेचं कुंपन काढलं आस्तं. लाट कशाला काढली?"

"लोकांना आवडावी म्हणून."

"मंग आवडली म्हनून सांबाळतात का नाय? नीट बगतात का नाय? लोकांनी नीट बगितलं की खोटं पकडतंच. तुजा बंदोबस्त आवडन्यातनंच होतो."

हे तुझं म्हणणं मला त्या दिवशीही खोडता आलं नव्हतं. पण मी कबूल केलं नाही. म्हटलं, तू मूर्तिकार, तुला सगळीकडे भक्त दिसतात.

या सगळ्या बैठकांत तुझी सून तिथे असायची, बाळाराम. हे मला आता आठवतंय, तेव्हा दिसत नव्हतं. मनीषा रंग कालवायची, चहा आणायची, मूर्तींच्या पाठीवरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासायची, आणि मधेमधे मोबाइलवर जपानी नोटांबद्दल काहीतरी शोधून तुला दाखवायची. एकदा म्हणाली, "काका, तिथं नोटेचा साचा अजून मानसं हातानं कोरतात म्हनं. आनि बाईचा चेहरा सगळ्यात अवघड. दाढी नाय, मिशी नाय, सुरकुती नाय. रेघ मारायला जागाच नाय."

मी काय म्हणालो आठवतंय? "हो हो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं." धादांत खोटं. ट्रेनिंगमध्ये जपानचं कुणी नावसुद्धा घेतलं नव्हतं. तिने सांगितलेली गोष्ट इतकी चांगली होती, की ती आपल्याला आधी माहीत नव्हती हे मला सोसलं नाही. ती परत रंग कालवायला लागली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मिशीत हसलास. तुला कळलं होतं.

आणि मग तो रविवार. तू नोट मांडीवर ठेवून बसला होतास. मनीषानेच तुला वाचून दाखवलं असणार. तू म्हणालास, "कॅशियर, ह्या लाटेचं चित्र काढलं येकानं. लाकडावर कोरलं दुसऱ्यानं. छापलं तिसऱ्यानं. चित्रावर नाव येकाचंच."

"मग? त्याचंच राहणार."

"कोरनाऱ्याचं काय? त्याचा हात इकडचा तिकडं झाला आस्ता तर लाट ऱ्हायली आस्ती?"

मी म्हटलं, "डोकं ज्याचं, नाव त्याचं. हात काय, कुणाचेही मिळतात."

तू "व्हय?" म्हणालास. एवढंच. पुढे काही नाही. माझ्याशी वाद घालायला एका पायावर तयार असलेला माणूस तू, त्या दिवशी गप्प झालास आणि चहा मागितलास. मला वाटलं, जिंकलो. घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा की आज बाळाराम गप्प बसला. तू मला काहीतरी सांगायला दार उघडलं होतंस आणि मी ते तुझ्या तोंडावर लावून घेतलं, हे कळायला मला तुझं बारावं उजाडावं लागलं.

त्याच्याच पुढच्या खेपेला तू दोन मूर्ती समोर ठेवल्यास. डोळे दोन्हींचे झालेले. "सांग, ह्यातली माजी कंची?" मी ऐटीत दोन्ही उजेडाला धरल्या, कलत्या केल्या, जशी नोट करतो तशा. उजवीकडची उचलली. म्हटलं, ही. डाव्या मूर्तीत रेघ जरा कापलीय, कुणी शिकाऊ असेल. तू इतका हसलास, की खोकला लागला. "पारखी हायस बाबा," म्हणालास. मनीषा रंगाची वाटी घेऊन दारात उभी होती, ती आत गेली. तुझ्या हसण्यात काहीतरी वेगळं होतं, ते मी कौतुक म्हणून खिशात घातलं.

तू गेलास तो कारखाना भरलेला ठेवून. मूर्ती रंगून तयार, आखणी बाकी. तुझ्या बाराव्याला मी आलो तेव्हा आधी तिकडे डोकावलो. डोळे नसलेल्या त्या रांगा पाहून मला रडू आलं. मी तसा रडणारा माणूस नाही. तिथे उभं राहून रडलो आणि मनात म्हटलं, आता यांना कोण बघायला लावणार.

जेवणं झाल्यावर अंगणात खुर्च्या टाकून माणसं बसली होती. तुझे भाऊबंद, आजूबाजूचे कारखानदार, आणि ठाण्याचे ते शेठ, जे दरवर्षी तुझ्याकडून टेम्पो भरून मूर्ती नेतात. शेठ चांगले आहेत, पण धंदा त्यांना थांबवता येत नाही. जरा वेळ हळहळले आणि मग म्हणाले, "माल माझा उभा आहे. आखणीचं काय करायचं?" तुझा मुलगा नितेश म्हणाला, "मनीषा करेल." शेठनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही पारखी. तुम्ही सांगा. बाळारामचं काम म्हणजे नक्की काय, एकदा दाखवा मला, म्हणजे तसा हात मी कुठूनही शोधतो."

मला कोणी पारखी म्हटलं की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी उठलो. आत फळीवर आधीच्या हंगामातल्या काही मूर्ती राहिल्या होत्या. एकेक करून उजेडात आणली, बाजूला ठेवली, आणि एक उचलून अंगणात घेऊन आलो. भाषणच केलं मी. ही पापणी बघा, रेघ सुरू कुठे होते, संपते कुठे, कळतं का? कलती करा, नजर तुमच्याबरोबर येते. जपान्यांना यासाठी नोटेवर चकचकीत चौकोन लावावा लागला, आमच्या बाळारामला एक ब्रश पुरला. हा हात आता गेला. दुसरा मिळायचा नाही.

माणसांनी डोळे पुसले. आणि दारातून मनीषा म्हणाली, "काका, ती माजी हाय."

माणसं वळून दाराकडे बघायला लागली. ती पुन्हा म्हणाली, "गेल्या साली केलेली. डोळं मी आखलेत."

माझ्याजागी दुसरा कोणी असता तर निदान गप्प बसला असता. मी हसलो, बाळाराम. वडीलधाऱ्याने हसावं तसं, दया करून हसलो. म्हटलं, "बाई, दुःखात माणूस काहीही बोलून जातो. रेघ ओळखायला आयुष्य घालवावं लागतं." तिने मान हलवली, म्हणाली, "मी बोलून नाय गेले. मीच केलीय." तेव्हा मला राग आला. तुझ्या बाराव्याला तुझंच काम कोणीतरी आपल्या नावावर करतंय, असं मला वाटलं. आणि मी ते वाक्य बोललो. "नोटेवर सही गव्हर्नरची असते. छापणाऱ्याने आपली सही केली, तर ती नोट खोटी ठरते."

काय वाक्य! लोकांना आवडलंसुद्धा. एकदोघांनी मान डोलावली. शेठ तर म्हणाले, बरोबर आहे. मनीषा आत गेली. आतून वहिनींचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे गो." मला वाटलं, सासू सुनेला दटावतेय.

नितेशने मला मोटरसायकलवरून रामवाडीच्या स्टँडवर सोडलं. गाडी बंद करून मग म्हणाला, "काका, ती खोटं नाय बोलली."

"अरे, तुझी बायको आहे, तुला वाटणारच."

"बाबांचा हात दोन वरसं झाली हालायचा. ब्रश टेकला की थरथर. सगळी आखणी तीच करते. बाबा शेजारी बसून सांगायचे."

"मी दर रविवारी यायचो. मी पाहिलंय त्याला ब्रश घेऊन बसलेला."

"तुमी यायच्या टायमाला घेऊन बसायचे," नितेश म्हणाला. "तुमची एसटी आली की आई हाक मारायची. बाबा मनीषाच्या हातातला ब्रश काढून घ्यायचे. तुमी गेले की परत द्यायचे. आमाला सांगून ठेवलं व्हतं, कोनाला बोलू नका, कॅशियरला तर नायच नाय."

एसटी लागली होती. मी चढलो. उतरायला हवं होतं, त्याच्या मागे बसून परत जायला हवं होतं, अंगणात माणसं अजून बसलेली असणार होती. मी खिडकीजवळची जागा पकडली. वडखळच्या फाट्यावरची ती नेहमीची गर्दी उलट्या दिशेला, म्हणजे अडकून पडायचीही सबब नाही. कोलाडपर्यंत मी तुझ्यावर चिडलो होतो. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि तू माझ्यापुढे नाटक केलंस? मला येड्यात काढलंस? शिकाऊची म्हणून मी जी डावी मूर्ती बाजूला सारली, ती तुझी होती. थरथरत्या हाताने मुद्दाम आखलेली, मला दाखवायला. आणि तुझ्या तोंडावर मी तुला शिकाऊ म्हटलं, आणि तू हसलास.

कोलाडच्या पुढे राग उतरला, आणि जे उरलं ते अजून उतरलेलं नाही. तू नाटक केलंस, कारण ते करावं लागावं असा माणूस मी होतो. दर रविवारी ज्याच्यापुढे धडधाकट दिसावं लागतं, हात हलतोय हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मित्र कशाला म्हणायचं? माझ्या येण्याची वर्दी मिळाली की तुझ्या घरात धावपळ व्हायची, आणि मला वाटायचं, किती आनंद होतो यांना मी आलो की.

पण बाळाराम, तुझीही चूक होतीच. ती मी झाकणार नाही. तुला तुझ्या नावाचा अभिमान होता, असायलाच हवा होता. पण दोन हंगाम त्या पोरीने राबून आखलेल्या नजरा तुझ्या नावावर गेल्या, शेठचा टेम्पो तुझ्या नावावर भरला, आणि तू मला लाट कोरणाऱ्याचं दुःख सांगत होतास! माझ्याकडून कबुली हवी होती तुला? मी म्हणालो असतो, "खरंय, कोरणाऱ्याचंही नाव हवं," तर तू तिला हाक मारली असतीस का? मला वाटतं, मारली असतीस. म्हणून तुझ्या वाटणीची लाजही माझ्याच पदरात येते.

दोन दिवसांनी नितेशचा फोन आला. शेठनी डोळे नसलेल्या मूर्ती कागदात गुंडाळून टेम्पोत भरल्या आणि हमरापूरच्या एका कारखान्यात आखणीला नेल्या. कॅशियर साहेब म्हणाले तो हात गेला, मग इथे ठेवून काय उपयोग, असं म्हणाले. मी लगेच शेठना फोन लावला. सगळं सांगितलं, चूक माझी म्हटलं, मूर्ती परत आणा म्हटलं. ते हसले. "साहेब, तुमच्या शब्दावर माल उचलला. आता तुमच्याच शब्दावर परत आणू? उद्या तुम्ही तिसरंच काही सांगाल." जन्मभर खऱ्याखोट्याचा निवाडा केलेला माणूस मी, माझाच शब्द आता चालेना.

मग पेणला आलो. रविवार नव्हता, कोणाला कळवलंही नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच मला तुझा कारखाना जसा असतो तसा दिसला. मनीषा तुझ्या जागी बसली होती. पुढ्यात गावातल्या घरगुती गणपतींच्या थोड्या मूर्ती, तेवढ्याच उरल्या होत्या. मी दारातूनच सुरू झालो, "मनीषा, मी त्या दिवशी..."

"बोलू नका काका. रेघ चालू हाय."

मी उभा राहिलो. तिने श्वास धरला होता. रेघ पलीकडे गेली, तिने श्वास सोडला, ब्रश पाण्यात बुडवला आणि मग म्हणाली, "बसा."

मी माफी मागितली. नीट मागितली, कारणं दिली नाहीत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी ती मूर्ती उचललीत ना, तवा माजं काळीज एवढं मोठं झालं. म्हटलं, काकांनी आपल्याला बाबांच्या जागी बसवलं. मंग तुमी तोंड उघडलंत."

"मी शेठशी बोललो. ते ऐकत नाहीत."

"शेठचं ऱ्हाऊ द्या. बोललात चार लोकांत आनि माफी मागताय मूर्तींसमोर. ह्या काय कोनाला सांगनार हायत?" तिने दुसरी मूर्ती जवळ ओढली. "तुमी बाबांवर लिवताय ना? नितेश सांगत व्हता. त्यात लिवा."

मी म्हटलं, "बाळाराम तर कोणाला सांगू नका म्हणाला होता."

"मला बी म्हनाले व्हते. मी गप बसले. बाबांनी मला रेघ दिली, काका, आजून काय पायजे, आसं म्हनून गप बसले. पन बाबा गेल्यावर रेघ पन गेली आसं तुमी सांगितलंत. मंग मी कोन?"

याचं उत्तर मी तिथे देऊ शकलो नाही, म्हणून इथे देतो. माझ्या मित्रा, तू विश्वासाने झाकून ठेवलेली गोष्ट मी तुझ्याच स्मृतिलेखात उघडी करतोय. पेणमध्ये हे वाचतील. कोणी म्हणेल, म्हणजे दोन वर्षं बाळाराम दुसऱ्याच्या हाताचं काम आपलं म्हणून देत होता. म्हणू देत. ज्यांच्या घरी गेल्या दोन गणेशोत्सवांत बाळाराम म्हात्रे यांनी आखलेला गणपती आला, त्या सगळ्यांना सांगतो: ते डोळे मनीषा नितेश म्हात्रे हिने आखले होते. माझ्या घरीही तोच गणपती होता. आरतीनंतर मी पाहुण्यांना जवळ बोलावून सांगायचो, बघा, नजर बघा, आमच्या बाळारामची. बाळाराम, तुझी आठवण मला पोपटीच्या मिठासाठी येईल, वादासाठी येईल, मान वळवणारा माणूस पाहून तू हसलास त्यासाठी येईल. डोळ्यांसाठी मी आता दुसऱ्या कोणाचं नाव घेणार.

हा लेख मंडळाला देण्याआधी मी पेणला नेला आणि वहिनींना वाचून दाखवला. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. नोटेचं आलं तेव्हा हसल्या. पुढे पदर डोळ्यांना लावला.

"त्यांचा हात हालायचा, त्ये लिवलंत?" त्यांनी विचारलं.

"लिहिलंय."

"त्यांना आवडायचं नाय हां, भावजी."

मी म्हटलं, तेवढं काढून टाकू का? त्यांनी पदर सारखा केला. मग कारखान्याकडे तोंड करून हाक मारली, "मनीषा, ये गो हिकडं. तुजं नाव बरोबर लिवलंय का बग."